आय-सेव्हन, पण कुठल्या सालचा?

पत्र: नमस्कार. मी बार्शीत डीटीपीचं काम करते. मिस्टर लग्नाचे फोटो काढतात, करिझ्मा अल्बमचं डिझाइन मी करते. २०१४ साली घेतलेला कॉम्प्युटर ऐन सीझनमध्ये बंद पडला. लाइट गेली, आली, आणि त्यानंतर बटण दाबलं तरी आतला पंखासुद्धा फिरत नाही. नवीन घ्यायचा म्हणून तीन कोटेशनं आणली. गावातला दुकानदार ३२ हजारांत आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, एक टीबी एसएसडी आणि २ जीबी ग्राफिक्स कार्ड देतो. सोलापूरच्या दुकानदाराने आय५-१२४०० लिहिलाय, बाकी तेवढंच, ग्राफिक्स कार्डही नाही, तरी ५८ हजार. पुण्यातला भाचा म्हणतो, मावशी, रायझन सेव्हन घे, ७५० वॉटचा एसएमपीएस घे, ९५ हजारांत सगळं बसवून देतो. नेटवर बघायला गेलं तर प्रत्येक वस्तूखाली कुणीतरी लिहिलेलंच आहे, 'तीन महिन्यांत बंद पडलं, घेऊ नका'. पुन्हा आठ-दहा वर्षं आम्हाला याच्याकडे बघायला लागू नये एवढीच इच्छा आहे. विश्वास ठेवायचा तरी कशावर? जुना कॉम्प्युटर गावातला दुकानदार बदलीत दोन हजारांना घेतो म्हणतो, तो देऊन टाकू का?
— एक वाचक, बार्शी

ताई,

तुमची तिन्ही कोटेशनं समोर मांडून वाचली. बाकीचं बोलण्याआधी एक सांगतो: गावातल्या दुकानदाराला आज विसार देऊ नका. तो फसवतोच आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्या कागदावरून तुमच्या घरी नेमकी कोणती वस्तू येणार हेच कळत नाही, आणि वस्तूच ठाऊक नसेल तर ती किती चालेल आणि किती टिकेल हे कुणीच सांगू शकणार नाही.

'आय-सेव्हन' हे प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, नाव इंटेलने २००८ साली बाजारात आणलं आणि पुढे कितीतरी वर्षं तेच चालवलं. नुसतं आय-सेव्हन म्हणणं म्हणजे गाडी 'टॉप मॉडेल' आहे एवढंच सांगणं. टॉप मॉडेल खरं, पण २०१३ चं की आत्ताचं? खरी ओळख नावापुढच्या आकड्यात असते. आय७-४७७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, साल २०१३. सोलापूरच्या कोटेशनवरचा आय५-१२४०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ चा. पहिल्यात चार कोर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे भाग, आहेत, दुसऱ्यात सहा. शिवाय कोराला कोर लावून पाहिलं तरी नवा आय-फाइव्ह त्या जुन्या आय-सेव्हनच्या दीडपट काम उरकतो.

आता ३२ हजारांत आय-सेव्हन कसा बसतो ते सांगतो. मोठमोठ्या ऑफिसांनी काढून टाकलेल्या मशिनांमधले प्रोसेसर सोडवून घेतात, त्यांना साजेसा नवा, स्वस्त मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) लावतात, चकचकीत कॅबिनेटमध्ये बसवतात आणि 'नवीन असेंबल' म्हणून विकतात. प्रोसेसर हा सहसा लवकर न मरणारा भाग, त्यामुळे मशीन चालतंही. ओळखायची सोपी खूण मदरबोर्डच्या नावात आहे. तिथे एच६१ किंवा एच८१ असं दिसलं, किंवा रॅमपुढे डीडीआर३ लिहिलेलं असलं, की तो माल दहा-बारा वर्षांपूर्वीच्या घराण्यातला. विद्यार्थ्याला टायपिंग शिकायला घेतलं तर मी हरकत घेणार नाही. पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं थांबवलंय, आणि विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचाच प्रोसेसर लागतो. म्हणजे आठ-दहा वर्षांच्या हिशेबाने घेतलेलं ते मशीन पहिल्याच दिवशी म्हातारं. 'विंडोज मी टाकून देतो, काळजी करू नका' असं तो म्हणेल. कशी टाकतो हे तुम्ही विचारलं पाहिजे. आणि ते २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड? अशा कोटेशनांत ते बहुतेक जीटी ७१० किंवा जीटी ७३० निघतं. तुमच्या अल्बमला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. आय५-१२४०० प्रोसेसरमध्येच जे ग्राफिक्स आहे तेवढं तुमच्या कामाला पुरतं. फक्त आकड्यामागे 'एफ' नसावा, कारण १२४००एफ मध्ये ते ग्राफिक्स नसतं.

वेग कसा मोजायचा, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण भाच्याच्या यादीमागे तोच प्रश्न आहे. त्याने ज्या चाचण्या पाहून यादी केली असेल त्या बहुतेक गेमच्या असतील. तुमचा गेम म्हणजे बारा बाय छत्तीस इंचांची शीट. तिचाच हिशेब करू. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ती शीट ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल होते, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर नुसत्या सपाट चित्राला ११७ एमबी लागतात. त्यावर तुम्ही वधूवरांचे पंधरा-वीस फोटो, फ्रेमा, अक्षरं, सावल्या असे थर चढवता, मागे जाण्यासाठी फोटोशॉप प्रत्येक पायरीची आठवण ठेवतं, आणि शेजारी दुसरी शीट, ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप उघडं असतं. १६ जीबी रॅम, म्हणजे चालू काम मांडायची तात्पुरती जागा, इथे कधी संपते कळत नाही. ती संपली की फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं आणि तुम्हाला वाटतं प्रोसेसर कमी पडला. फोटोशॉपची बरीचशी कामं थोड्याच कोरवर चालतात. आठ कोरचा रायझन सेव्हन शंभर फोटो एकदम एक्स्पोर्ट करताना पुढे जाईल, पण शीट उघडणं, फोटो हलवणं, ब्रश फिरवणं यात सहा कोरच्या आय-फाइव्हपेक्षा तुम्हाला तो फार वेगळा वाटणार नाही. भाच्याला सांगा, त्यातले पैसे रॅममध्ये टाकूया. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढलेत, हे मला माहीत आहे. ३२ जीबी एकदम झेपत नसेल तर १६ ची एकच स्टिक घ्या, दुसरा स्लॉट रिकामा ठेवा आणि पुढच्या सीझनच्या कमाईतून तशीच दुसरी आणा. एका स्टिकवर वेग थोडा मागे राहतो, दोन झाल्या की भरून निघतो.

आणि खरं सांगू का, छापलेल्या कोणत्याही चाचणीपेक्षा तुमची चाचणी चांगली. तुमची सगळ्यात जड पीएसडी फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, सोलापूरला जा, दुकानातल्या त्याच प्रोसेसरच्या मशीनवर ती आधी डिस्कवर कॉपी करून मग उघडा. उघडायला किती सेकंद, सेव्ह करायला किती, जेपीईजी काढायला किती, हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर लावा. चांगला दुकानदार अर्धा तास देतो. जो देत नाही तो बिघाडाच्या वेळी किती वेळ देईल, याचाही अंदाज येतो. जाताना मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं डाँगल (ते चालायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी छोटी चावी) असेल तर तेही न्या. जुनी डाँगलं नव्या विंडोजवर अडून बसलेली मी पाहिलीत, आणि तसं झालं तर सगळ्या वेगाचं करायचं काय?

एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कवर, थोडं थांबतो, कारण तिन्ही कोटेशनांत नुसतं 'एक टीबी एसएसडी' लिहिलंय. हे म्हणजे किराणा यादीत 'एक पोतं धान्य' लिहिण्यासारखं. काही एसएसडींमध्ये एका पेशीत तीन बिट साठवतात, त्याला टीएलसी म्हणतात. काहींत चार बिट कोंबतात, ती क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडते, पण सलग मोठं लिहायला लागलं की दमते. सॅमसंगच्या एक टीबीच्या ८६० क्यूव्हीओचंच बघा. जाहिरातीत सेकंदाला ५२० एमबी लिहिण्याचा वेग. तो पहिल्या ४२ जीबीपुरता. ती जागा भरली की वेग ८० एमबीवर येतो, आणि हे कंपनीने स्वतःच आपल्या माहितीपत्रकात दिलंय. मिस्टर लग्नाहून आले, १२८ जीबीचं कार्ड रिकामं करायला घेतलं, की हा फरक तुमच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळेत दिसतो. दुकानात चाचणी करतात ती एक जीबीची, तिथे तो कधीच दिसत नाही. म्हणून टीएलसीची, पूर्ण मॉडेल नाव असलेली, ५ वर्षं वॉरंटीची एसएसडी मागा.

एसएसडी 'लिहून लिहून संपते' या भीतीत मात्र फार अडकू नका. एक टीबीच्या चांगल्या टीएलसी एसएसडीवर कंपनी सहसा ६०० टीबी लिहिण्याची हमी देते. तुम्ही वर्षातले शंभर दिवस रोज दीडशे जीबी ओतले तरी वर्षाला १५ टीबी होतात. तो हिशेब चाळीस वर्षं पुरतो. एसएसडी जातात त्या बहुतेक वेगळ्याच कारणांनी: कंट्रोलर (डिस्कचा कारभार बघणारी चिप), आतलं फर्मवेअर (त्या चिपमधला प्रोग्रॅम), अचानक गेलेली वीज. २०२३ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या ९८० प्रो या नावाजलेल्या मॉडेलच्या काही डिस्क फर्मवेअरच्या दोषामुळे वाचता येतात पण लिहिता येत नाही अशा झाल्या होत्या. नवं फर्मवेअर टाकणं हा त्यावरचा उपाय होता, पण तो डिस्क बिघडण्याआधी टाकलेला असला तरच कामाचा. मोठं नाव, महाग वस्तू, तरी हे घडलं.

इथे तुमच्या मुख्य प्रश्नाशी येतो. विश्वास कशावर ठेवायचा?

नेटवरच्या तक्रारी खऱ्या असतात, पण त्यातून प्रमाण कळत नाही. ज्याचं बिघडलं तो चिडून लिहितो, ज्याचं चाललंय तो अल्बम करत बसतो. दहा हजार विकल्यानंतर पन्नास जण ओरडले की पानभर ओरड दिसते. त्या तक्रारी मी अशा वाचतो: कुरिअरवाल्याबद्दलच्या, खोक्याबद्दलच्या आधी बाजूला काढतो. उरलेल्यांत एकाच मॉडेलबद्दल, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या माणसांनी नेमकी तीच खोड लिहिली आहे का, ते पाहतो. 'दोन महिन्यांनी थंड असताना चालू होत नाही' हे सात जणांनी लिहिलं असेल तर ती वस्तू मी घेत नाही. 'बेकार आहे, घेऊ नका' या वाक्यातून मला काहीच मिळत नाही.

तज्ज्ञांची परीक्षणं वेगासाठी वाचावीत, टिकाऊपणासाठी त्यांचा आधार घेऊ नये. परीक्षकाकडे एकच नग येतो, तोही बहुतेक कंपनीने पाठवलेला, आणि तो पंधरा दिवस वापरून तो लिहितो. पाचव्या उन्हाळ्यात काय होईल हे त्याला कसं दिसणार? त्यातही २०२१ मध्ये क्रूशलच्या पी२ या एसएसडीचं प्रकरण झालं. आधी टीएलसीच्या नगांची परीक्षणं आली, नंतर त्याच नावाखाली क्यूएलसीचे नग विकले गेले. परीक्षण खोटं नव्हतं, दुकानातली वस्तू बदलली होती. म्हणून परीक्षणाची तारीखही बघत जा.

खोक्यावर 'एमटीबीएफ १५ लाख तास' असं काही असतं. पंधरा लाख तास म्हणजे १७१ वर्षं, आणि लोक खरंच समजतात की वस्तू तेवढी टिकेल. त्याचा अर्थ असा: अशा हजार वस्तू वर्षभर चालवल्या तर त्यातल्या सहाएक जातील असा कंपनीचा अंदाज. तुमची त्या सहांत असेल की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

हार्ड डिस्कपुरतं मात्र आपल्याकडे खरं मोजमाप आहे. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी लोकांचा बॅकअप सांभाळते. तिच्याकडे लाखो डिस्क अहोरात्र फिरतात, आणि २०१३ पासून ती कुठल्या मॉडेलच्या किती डिस्क गेल्या हे जाहीर करते. २०२४ मध्ये सगळ्या मिळून प्रमाण होतं १.५७ टक्के, म्हणजे हजारात पंधरा-सोळा. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल त्यांच्याकडे भराभर मेलं, आणि त्याच सीगेटची ४ टीबीची मॉडेलं व्यवस्थित चालली. म्हणजे 'अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट' हे गावगप्पांचं शास्त्र. चांगलं-वाईट असतं ते मॉडेल. प्रोसेसरमध्येही तेच. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःला झिजवत होते. २०२४ मध्ये कंपनीने ते मान्य करून दुरुस्ती दिली आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्याआधी २०२३ मध्ये रायझन बनवणाऱ्या एएमडीचे काही ७०००एक्स३डी प्रोसेसर मदरबोर्डवर जळाले, तिथेही कारण व्होल्टेजचंच. भाच्याशी इंटेल की एएमडी यावर वाद घालण्यात अर्थ नाही, तो यासाठी. तुमचा १२४०० त्या दोन्ही भानगडींत नाही, आणि चार वर्षं बाजारात राहून पारखला गेलाय. नव्या नवलाईच्या वस्तूपेक्षा अशी वस्तू मला बरी वाटते.

आता बार्शी. वर जे काही सांगितलं ते वातानुकूलित खोल्यांतलं आहे. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, कॅबिनेटच्या आत त्याहून दहा-पंधरा अंश जास्त, आणि वीज कधी जाईल, कशी येईल सांगता येत नाही. तिथे मशीनचा जीव ज्याच्या हातात असतो तो भाग कोटेशनांत सगळ्यात दुर्लक्षित आहे: एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना सोसेल अशी करून देणारा डबा. गावातल्या दुकानदाराच्या कागदावर तो शब्दच नाही, म्हणजे 'कॅबिनेटबरोबर फुकट'वाला असणार.

या फुकटच्या एसएमपीएसने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वीसेक वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर घालवली. एका छापखान्याचं मशीन आलं होतं. वीज येता-येता झटका बसला, एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. आठशे पानांचं जुळवलेलं पुस्तक त्या डिस्कवर होतं, दुसरी प्रत कुठेच नव्हती. मालक माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून कुणीही कोटेशन दाखवलं की मी प्रोसेसरच्या ओळीकडे नंतर बघतो.

एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि बाराने गुणा. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ च्या आसपास आकडा असतो, गुणाकार ४३२. फुकटवाल्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट आणि तक्त्यात १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॉट. तिथेच त्याची खरी ताकद उघडी पडते. '८० प्लस'चा शिक्का असला तर चांगलं, पण तो विजेची बचत किती होते एवढंच सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. ती शोधायची वॉरंटीच्या वर्षांत: पाच किंवा जास्त वर्षं देणारी कंपनी आतली कपॅसिटर (वीज थोडी साठवून सारखी ठेवणारे छोटे भाग) जपून निवडते, नाहीतर तिलाच भुर्दंड. कपॅसिटरबद्दल आमच्या धंद्यात एक आडाखा आहे, दर दहा अंश उष्णता वाढली की त्यांचं आयुष्य अर्ध्यावर येतं. म्हणून कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, आणि दिवाळीची झाडलोट निघाली की त्याचीही धूळ काढा. भाच्याच्या ७५० वॉटची तुम्हाला गरज नाही. ग्राफिक्स कार्डाशिवाय तुमचं मशीन पूर्ण जोरात असतानाही दीडशे वॉटच्या आत राहील. उत्तम प्रतीचा ४५० किंवा ५५० वॉटचा पुरे.

मग अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर कधी झिणझिण्या येतात का? येत असतील तर घरातलं अर्थिंग तुटलेलं आहे किंवा तुम्ही दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर मशीन लावलंय. कोणतंही महागडं यंत्र त्यावर उपाय करू शकत नाही. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, वीस-पंचवीस दाखवलं तर आधी ते काम करा, मग कॉम्प्युटर आणा. यूपीएस ६०० व्हीएचा चालेल, तो साधारण ३६० वॉट देतो. दुकानातच त्यावर मशीन लावून, काहीतरी जड काम सुरू करून, यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढून बघा. मशीन रिस्टार्ट झालं तर त्या यूपीएसचं आणि त्या एसएमपीएसचं जमत नाही, दुसरा मागा. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आजच मनात धरा.

बिलाबद्दल थोडक्यात. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव आणि सिरियल नंबर. 'असेंबल पीसी, नग १' असं एका ओळीत लिहू देऊ नका, नाहीतर वर्षभराने कंपनी तुम्हाला ओळखणार नाही. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या, त्यावर तीन वर्षांची वॉरंटी कंपनीची असते. कुठल्या भागाची वॉरंटी कोण देतं, कंपनी की दुकानदार, आणि माल सोलापुरात द्यायचा की पुण्याला पाठवायचा, हे लिहून घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण कागद नसेल तर तिथेही हात बांधलेले. तुमच्या जागी एखादं ऑफिस असतं तर मी घरी येऊन दुरुस्ती देणाऱ्या ब्रँडेड डेस्कटॉपचाही विचार करा म्हणालो असतो. तुम्हाला रॅम आणि डिस्क वाढवत न्यायची आहे, त्यासाठी असेंबल्डच सोयीचं.

तर माझं मत सोलापूरच्या कोटेशनला. मात्र त्याला परत पाठवा आणि एसएसडी, एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम यांची पूर्ण नावं मागवा. ती लिहून आली की तेच नाव टाकून भाच्याला भाव आणि तक्रारी तपासायला सांगा. यादी करण्यापेक्षा ते काम तो छान करेल. मशीन घरी आलं की मुहूर्तासाठी खोक्यात ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक वस्तूंतले कच्चे नग बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच जातात, आणि बदलून मिळण्याचे दिवसही तेवढेच असतात. पूजा खुशाल पाडव्याला करा, चालवायला लगेच घ्या. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचं नाव बिलाशी जुळतं का बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये डिस्क किती तास चाललीय ते दिसतं. नव्या डिस्कवर तो आकडा एक-दोन तासांचा असतो, शेकड्यात असेल तर ती वापरलेली. हा आकडा पुसताही येतो, २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं होतं, तरी आपल्याकडे बऱ्याचदा तेवढी तसदीही कुणी घेत नाही. एक रात्र मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालू ठेवा, सकाळी एकही लाल ओळ नको. आणि पहिला आठवडा मशीनला भरपूर राबवा.

राहिला जुना कॉम्प्युटर. तो दोन हजारांना देऊ नका. वीज आल्याबरोबर गेला आणि पंखासुद्धा फिरत नाही, या लक्षणांवर माझा पहिला संशय एसएमपीएसवर आहे. गावातल्याच कुणा तंत्रज्ञाला चालू स्थितीतला एसएमपीएस घेऊन घरी बोलवा, तुमच्यासमोर जोडायला सांगा. सुरू झालं तर हा सीझन त्याच्यावर निघेल आणि नवीन घाईत घ्यावं लागणार नाही. नाही झालं, तरी आतली हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. तिच्यात अकरा-बारा वर्षांची लग्नं आहेत, लोकांच्या घरची आहेत, ती बदलीत दुकानदाराकडे जाता कामा नयेत. यूएसबी केसमध्ये घालून ती नव्या मशीनला जोडा आणि दोन वेगवेगळ्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. एक घरात, एक बहिणीकडे किंवा माहेरी. गूगलच्या अभ्यासकांनी २००७ मध्ये लाखावर डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी चार मुख्य धोक्याच्या खुणांपैकी एकही आधी दाखवलेली नव्हती. तुमची डिस्क तर अकरा-बारा वर्षांची आहे. तंत्रज्ञ आला त्याच दिवशी कॉपी सुरू करा, कोटेशनचं नंतर बघू.